आठ लेबलांची तीन झाली तेव्हा

मेसेज बहुतेक वेळा रात्री येतो. दुकान बंद झालेलं असतं, गल्ला मोजून झालेला असतो, जेवणं आटोपलेली असतात. ‘मॅडम, घरी बोलणं झालं. सध्या तीनच लेबलं करू या. बाकीची पाच दिवाळीनंतर बघू. त्या हिशेबाने बिल कमी करून पाठवा.’ पुण्यात घरून किंवा भाड्याच्या छोट्या जागेतून काम करणाऱ्या कुठल्याही फ्रीलान्स डिझायनरच्या फोनमध्ये या मजकुराचं एखादं तरी भावंड सापडतं. कधी लेबलांच्या जागी वेबसाइटची पानं असतात, कधी ब्रोशर आणि स्टँडी, कधी महिन्याच्या सोशल मीडिया पोस्ट.

मसाल्यांचंच उदाहरण पुढे नेऊ. चिंचवड-भोसरी भागात घरी मसाले कुटून आधी ओळखीत, मग सोसायट्यांमध्ये आणि मग दुकानांत विकणारी कुटुंबं आहेत. पारदर्शक पिशवीवर स्टिकर चिकटवून भागेनासं झालं, की ती डिझायनर शोधतात. गोडा, कांदा-लसूण, मालवणी, गरम, सांबार, पावभाजी, चहा आणि दूध असे आठ मसाले. समजा, सगळ्यांचे मिळून ८०,००० रुपये ठरले आणि अर्धे आगाऊ मिळाले. तीन आठवडे काम झालं आणि मग तो मेसेज आला. मालकांचा हिशेब सरळ असतो. आठाचे ऐंशी हजार, म्हणजे एकाचे दहा, तिनाचे तीस. चाळीस तर देऊन झालेत. म्हणजे उलट दहा हजार परत यायला हवेत.

या हिशेबात लबाडी नसते, हे आधी लक्षात घ्यायला हवं. ज्याचा सारा व्यवहार किलोवर आणि नगावर चालतो, तो माणूस याच पद्धतीने मोजणार. त्यात डिझायनरने कोटेशनमध्ये ‘८ लेबलं : ८०,०००’ अशी एकच ओळ लिहिलेली असते. भागाकाराची सोय तिनेच करून दिलेली असते. पुढचा सगळा वाद त्या एका ओळीतून निघतो.

पहिल्या लेबलात काय काय असतं

मसाल्याच्या पहिल्या पाउचवर बसण्याआधी डिझायनरला दुकानं फिरावी लागतात. हा माल कुठे टांगला जाईल, शेजारी कोणते ब्रँड असतील, त्यांनी लाल आणि पिवळा रंग आधीच कसा व्यापून टाकलाय, हे बघावं लागतं. नाव देवनागरीत मोठं घ्यायचं की रोमनमध्ये, हे ठरवताना घरातली तीन माणसं तीन मतं देतात. अक्षरांचं वळण ठरतं. चित्र काढायचं की फोटो घ्यायचा, पाउचला आतला माल दिसेल अशी खिडकी ठेवायची का, वरच्या सीलच्या पट्टीत किती जागा सोडायची, टांगायचं भोक कुठे येतं, हे सगळं छपाईवाल्याशी बोलून ठरतं.

मग येतो कायदा. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक लागतो. शाकाहारी पदार्थ असल्याचं सांगणारा हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका लागतो, उतरत्या प्रमाणात लिहिलेली घटकांची यादी लागते. वैधमापन शास्त्राच्या २०११च्या पॅकबंद वस्तू नियमांनुसार निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क हेही छापावं लागतं. वजनाचा आकडा किती उंचीचा असावा, यालासुद्धा नियम आहे. शिवाय बारकोड, आणि स्कॅनरला तो वाचता यावा म्हणून दोन्ही बाजूंना सोडायची कोरी जागा. चार इंच रुंदीच्या पाउचच्या पाठीवर हे सगळं वाचनीय बसवणं हे कष्टाचं, किचकट काम आहे. ते एकदा बसलं की दुसऱ्या मसाल्याला नाव, घटक, रंग आणि चित्र बदलायचं उरतं. तेही बसल्या जागी होत नाही. पण पहिल्याइतका वेळ त्याला नक्कीच लागत नाही.

म्हणून ८०,०००ची खरी फोड अशी असते : शोध, मांडणी, अक्षरलेखन, कायद्याचा मजकूर आणि मूळ साचा यांचे ४०,०००, आणि पुढे प्रत्येक मसाल्याचे ५,०००. आठ मसाल्यांचे ऐंशी हजारच होतात, पण तीन मसाल्यांचे होतात ५५,०००. मालकांच्या तीस हजारांत आणि या पंचावन्नात पंचवीस हजारांचं अंतर आहे. जे काम झालेलं आहे, पण लेबलं मोजताना ज्याची गणतीच होत नाही, त्याचे ते पैसे.

मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. कमल शेडगे यांनी नाटकांची, चित्रपटांची, नियतकालिकांची शीर्षकं पिढ्यानपिढ्या लक्षात राहतील अशी रेखाटली. तीन अक्षरी नाटकाचं नाव सहा अक्षरी नावाच्या निम्म्या मोलाचं, असं कोणी म्हणणार नाही. नाटकाचा स्वभाव त्या अक्षरांत उतरवायला जो विचार लागतो, तो अक्षरांच्या संख्येवर ठरत नाही. जे शीर्षकाच्या बाबतीत सहज पटतं, ते वेबसाइटच्या बारा पानांची पाच झाली की विसरलं जातं.

कात्री कुठून लागते

काम कमी करणारा प्रत्येक क्लायंट सारखा नसतो. पुण्यात डिझायनरांकडे येणाऱ्या कामात बांधकाम व्यवसायाचा वाटा मोठा आहे, आणि तिथली कात्री बऱ्याचदा वेळापत्रकातून येते. रेरा कायद्यानुसार प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करता येत नाही, आणि महारेराने १ ऑगस्ट २०२३पासून प्रत्येक जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला. त्यामुळे ब्रोशर, होर्डिंग, साइट ऑफिसच्या भिंती, वेबसाइट असं भलंमोठं काम पाडव्याच्या मुहूर्तासाठी सुरू होतं आणि नोंदणी क्रमांकाची वाट बघत थांबतं. मुहूर्त हुकतो. दसऱ्यापर्यंत बिल्डरचा मार्केटिंगचा पैसा दुसऱ्या प्रकल्पात गेलेला असतो, आणि ‘आता फक्त ब्रोशर आणि एक होर्डिंग पुरे’ असा निरोप येतो.

छोट्या क्लायंटकडे कारण वेगळं असतं. डिझायनर जीएसटीत नोंदलेली असेल तर बिलावर १८ टक्के कर चढतो. नोंदणी नसलेल्या किंवा कंपोझिशन योजनेत असलेल्या मसालेवाल्याला त्या कराचं क्रेडिट मिळत नाही. ऐंशी हजारांचे ९४,४०० झाले, हे त्याला बिल हातात आल्यावर कळतं आणि तो चौदा हजार कुठून वाचवता येतील ते शोधू लागतो. कोटेशनमध्ये कराची ओळ सुरुवातीलाच ठळक लिहिली, तर ही एक कात्री बरीचशी टळते. काही घरांत भाच्याला कॅनव्हा येत असतं. आता तर चित्र करून देणारी एआयची साधनंही हाताशी आहेत. ‘पोस्ट आम्हीच करू, तुम्ही फक्त लोगो द्या’ हे वाक्य त्यातून येतं.

आणि एक कारण कोणी बोलून दाखवत नाही. पहिलं डिझाइन बघून क्लायंटचा विश्वास डळमळलेला असतो. ते तोंडावर सांगणं त्याला जड जातं, म्हणून तो काम कमी करतो. अशा वेळी पैशांवर घासाघीस करत बसणं म्हणजे मूळ दुखणं सोडून भलतीकडेच औषध लावणं आहे. अनुभवी डिझायनर आधी एवढंच विचारते : ‘जे झालंय ते तुम्हाला आवडलंय ना? मोकळेपणाने सांगा.’ बऱ्याचदा उत्तर म्हणून एक रंग किंवा एक अक्षर पुढे येतं. ते बदललं की गेलेली लेबलं परत आलेलीही काहींनी पाहिली आहेत.

फर्मा कमी होतो त्या रात्री

दिवाळी अंकांच्या धंद्यात ही कात्री दरवर्षी चालते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा व्यवहार वाचकांच्या प्रेमाइतकाच जाहिरातींवर उभा आहे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी अंकांना चेहरा दिला. आज मुखपृष्ठ, आतली चित्रं, लेखांची मांडणी आणि निम्म्या जाहिरातींचं डिझाइनसुद्धा बाहेरच्या फ्रीलान्स माणसांकडे असतं.

ऑगस्टमध्ये संपादक २४० पानांचा अंक धरून चालतात. सप्टेंबरच्या शेवटी जाहिरातींचा हिशेब लागतो आणि तो कमी भरतो. छपाई साधारण सोळा पानांच्या फर्म्यांत होते, त्यामुळे दोन-तीन पानं कमी करून फारसं काही वाचत नाही. गेलाच तर अख्खा फर्मा जातो. २४०ची २२४ होतात. प्रकाशकाच्या दृष्टीने कागद वाचला, प्लेटा वाचल्या, बायंडिंग थोडं हलकं झालं. मांडणी करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र आता कामाची दुसरी पाळी सुरू होते. सोळा पानं काढायची म्हणजे एक लेख पूर्ण वगळायचा, दोन कापायचे, एका कवितेला पान बदलायचं. जाहिरातदाराला उजव्या हाताचं पान कबूल केलेलं असतं, ते डावीकडे जाऊ द्यायचं नाही. अनुक्रमणिका नव्याने करायची. लेखाच्या मध्ये ‘पुढील मजकूर पान अमुकवर’ असं असेल, तर तो आकडाही बदलायचा. त्या लेखासाठी काढून घेतलेली दोन चित्रं आता अंकात नाहीत. चित्रकाराने ती मात्र काढलेली आहेत.

पानावर दर ठरलेला असला की अंक लहान झाल्यावर मांडणीचं बिलही लहान होतं, आणि श्रम मात्र वाढलेले असतात. या व्यवहारात मुरलेली माणसं म्हणूनच दोन गोष्टी आधी ठरवून घेतात. एक तारीख ठरते, जिच्यानंतर पानं कमी झाली तरी लावलेल्या पानांचे पैसे पूर्ण. आणि छापून आलं नाही तरी काढलेल्या चित्राचं मानधन द्यायचं. बरेच संपादक हे मान्य करतात. त्यांच्याही घरात पूर्वी कुणी ना कुणी लिहून ठेवलेलं पान गमावलेलं असतं.

उत्तर देण्याआधी

त्या रात्रीच्या मेसेजला त्या रात्री उत्तर द्यायचं नाही, हे जवळजवळ सगळ्याच जुन्या डिझायनरांचं म्हणणं. त्या क्षणी दोनच उत्तरं सुचतात आणि दोन्ही वाईट असतात. एक रागाचं, आणि दुसरं ‘चालेल, काही हरकत नाही’. दुसरं जास्त महागात पडतं. ते उत्तर गेलं की ३०,००० हा आकडा ठरून गेलेला असतो.

सकाळी फोन करायचा. मेसेजवर मेसेज पाठवत बसायचं नाही. पैशांबद्दल लगेच बोलायचं नाही, आधी कारण समजून घ्यायचं. हातात पैसे कमी आहेत, वेळ कमी आहे, की आठ मसाले एकदम बाजारात उतरवायची भीती वाटते आहे? पैशांची अडचण असेल तर हप्ते वाढवून मार्ग निघतो. वेळ कमी असेल तर तीन आधी आणि पाच नंतर असा क्रम लावता येतो, रक्कम तीच राहते. बाजाराची भीती असेल तर मात्र क्लायंटचं बरोबर असू शकतं. तीनच मसाल्यांनी सुरुवात करणं हा शहाणपणाचा व्यापार आहे, आणि डिझायनरने तो मनापासून मान्य करायला हवा.

मग पुढचं वाक्य येतं, आणि या सगळ्या विषयाचा कणा तेच आहे : काम कमी होईल तेवढे पैसे कमी होतील, पण दर कमी होणार नाही. आणि काय कमी झालं ते नावानिशी लिहिलं जाईल. ‘सांबार, पावभाजी, चहा, दूध, गरम, ही पाच लेबलं वगळली, प्रत्येकी ५,०००, एकूण २५,००० कमी. बाकी रक्कम ५५,०००; मिळाले ४०,०००; येणे १५,०००.’ अशा चार ओळी पुढे आल्या की मालकांना भागाकार करावा लागत नाही. वजाबाकी समोर मांडलेली असते, आणि व्यापारी माणूस वजाबाकीला नाही म्हणत नाही.

उलट वाट म्हणजे रक्कम गोल करून कमी करणं. ‘बरं, पंचेचाळीस द्या.’ यात काम तेवढंच राहतं आणि पैसे जातात. त्याहून वाईट म्हणजे समोरच्याला वाटतं की आधीचे ८०,००० फुगवलेले होते. एकदा असं झालं की पुढच्या प्रत्येक कोटेशनवर तो संशय बसतो. ज्या डिझायनरला खरोखरच सवलत द्यायची असते, जुन्या ओळखीला, एखाद्या संस्थेला किंवा पहिल्यांदाच धंदा उभा करणाऱ्या बाईला, तिनेही सवलत वेगळ्या ओळीत लिहावी : मूळ रक्कम, आणि खाली सवलत. दिलेली मदत मदत म्हणून दिसली पाहिजे. ती दराच्या पोटात लपली तर पुढच्या वर्षी तोच दर मागितला जातो.

एक बारीक गोष्ट या बोलण्यात फार मोलाची ठरते. कमी केल्यावर काय मिळणार नाही, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायचं. लोगोबरोबरची वापर-पुस्तिका वगळली, तर फ्लेक्सवाला लोगो ताणून लावेल आणि रंग बदलेल. तेव्हा ते सुधारून देणं हे वेगळं काम असेल. वेबसाइटची सात पानं वगळली, तर त्यांचा मजकूर पाच पानांत कोंबून देता येणार नाही. हे आधी न सांगितल्याने कमी झालेलं काम मागच्या दाराने परत येतं. दोन महिन्यांनी फोन येतो, ‘तेवढं एक पान टाकून द्या ना, पाच मिनिटांचं काम आहे.’ वगळलेल्या कामांची यादी हाताशी असली, तर त्या फोनला वाद न घालता उत्तर देता येतं.

कागदावर

बहुतेक फ्रीलान्स काम पुण्यात आजही फोनवर ठरतं आणि व्हॉट्सॲपवर चालतं. कायदा त्याला अगदीच परका मानत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या १०अ या कलमाने इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेल्या करारांना मान्यता दिलेली आहे. म्हणून ‘हो, फायनल, सुरू करा’ हा मेसेज क्षुल्लक नसतो. तो मूळ रकमेला आणि कामाच्या यादीला दिलेला होकार असतो, फक्त त्याच संभाषणात ती यादी असायला हवी.

भारतीय करार कायदा १८७२चा आहे, तरी या प्रश्नावर तो नेमका बोलतो. कलम ६२ सांगतं की दोन्ही पक्षांनी मान्य केलं, तर जुना करार बदलता किंवा रद्द करता येतो. म्हणजे एकाच बाजूने ‘आता तीनच’ म्हटलं की करार आपोआप बदलत नाही. तो बदलाचा प्रस्ताव असतो आणि डिझायनरने त्याला अटींसह उत्तर द्यायचं असतं. कलम ६३ मात्र बेसावध माणसाला अडचणीत आणू शकतं. त्याखाली कायद्यातच दिलेलं एक उदाहरण आहे : एकाचे दुसऱ्याकडून ५,००० रुपये येणे आहेत, त्याने पूर्ण देण्यापोटी २,००० स्वीकारले, तर सगळं देणं फिटलं. डिझायनरच्या भाषेत सांगायचं तर ‘फुल अँड फायनल’ असं लिहून आलेली कमी रक्कम काही न बोलता घेतली, की उरलेल्या पैशांवरचा दावा फार दुबळा होतो. अशी रक्कम आली तर लगेच लेखी कळवावं, की ही आंशिक रक्कम म्हणून जमा केली आहे आणि इतके येणे बाकी आहे.

पैसे अडकल्यावर उपयोगी पडणारा दुसरा कायदा २००६चा, सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा. डिझायनरने ‘उद्यम’ पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी केली असेल, तर क्लायंटने ठरलेल्या तारखेला पैसे देणं बंधनकारक आहे. लेखी करारात काहीही लिहिलं, तरी ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चढणारं चक्रवाढ व्याज लागू होतं. वाद झाला तर राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाता येतं आणि ऑनलाइन तक्रारही नोंदवता येते. नोंदणी फुकट आहे; मात्र ती काम घेण्याआधीच झालेली असावी, वाद सुरू झाल्यावर नव्हे. २०२३च्या वित्त कायद्याने यात आणखी एक दोर आवळला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात दाखवता येत नाही. पैसे देईल त्या वर्षीच वजावट मिळते. मार्चच्या अखेरीस कंपन्यांच्या लेखा विभागातून ‘तुमचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा’ असे फोन येऊ लागले, ते त्यामुळे.

हे सगळं कोर्टात भांडण्यासाठी माहीत असायला हवं असं नाही. तीस-चाळीस हजारांसाठी वकील करणं कोणालाच परवडत नाही. पण आपण कुठे उभे आहोत हे माहीत असलेल्या माणसाचा फोनवरचा आवाज वेगळा असतो. मागण्याची लाज गळून पडते.

जीएसटी असलेल्यांना एक छोटी व्यवस्था लागते. बिल आधी गेलं आणि काम नंतर कमी झालं, तर जुनं बिल फाडून नवीन करायचं नाही. फरकाची क्रेडिट नोट द्यायची. हे लेखापालाला वेळेवर सांगितलं नाही, तर न मिळालेल्या पैशांवरचा कर डिझायनरच्या खिशातून जातो.

अडवून ठेवलेली तारीख

लेबलं कमी होतात तेव्हा पैशांखेरीज आणखी एक गोष्ट जाते, आणि तिचा हिशेब क्वचितच मांडला जातो. ऐंशी हजारांचं काम हातात आहे म्हणून डिझायनरने सप्टेंबरचा महिना राखून ठेवलेला असतो. त्या काळात आलेली दोन कामं तिने नाकारलेली असतात. आता महिना अर्धा मोकळा झाला, पण नाकारलेली कामं दुसरीकडे गेली. नोकरदाराला असा मोकळा अर्धा महिना पगारी असतो.

अमेरिकेत यासाठी जुनी प्रथा आहे. ग्राफिक आर्टिस्ट्स गिल्ड ही तिथली संघटना दर आणि व्यवहाराच्या नीतीवरची आपली पुस्तिका १९७३पासून काढते आहे, आणि काम मध्येच थांबलं तर द्यायच्या रकमेची चर्चा त्या व्यवसायात सर्रास होते. न्यूयॉर्क शहरात तर २०१७पासून कायदाच आहे : ८०० डॉलर किंवा अधिक रकमेच्या फ्रीलान्स कामाला लेखी करार हवा, आणि तारीख ठरलेली नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यायला हवेत. परदेशी क्लायंटसाठी काम करणाऱ्या इथल्या मुलामुलींना अशा व्यवस्थेची फळं थोडीफार कळली आहेत. अपवर्कसारख्या मंचावर ठरीव रकमेच्या कामाचे पैसे टप्प्याटप्प्याने आधीच तिसऱ्याकडे जमा होतात. क्लायंटने पुढचे टप्पे काढून टाकले, तरी जमा झालेल्या टप्प्याचं काम दिल्यावर ते पैसे सहजासहजी हलत नाहीत.

आपल्याकडे तसा कायदा नाही, पण टप्प्यांची पद्धत अनोळखीही नाही. आर्किटेक्टची फी वर्षानुवर्षं टप्प्यांत ठरते : संकल्पनेचे इतके, नकाशांचे इतके, परवानगीच्या कागदांचे इतके. घर बांधायचं मध्येच थांबलं तरी झालेल्या टप्प्यांचे पैसे मागताना आर्किटेक्टला ओशाळं वाटत नाही. ग्राफिक डिझायनरनेही कोटेशन याच पद्धतीने लिहिलं, तर कात्री कुठल्या टप्प्यावर लागली ते आपोआप दिसतं. पहिल्या टप्प्याची रक्कम परत मिळत नाही, हे तिथेच लिहून ठेवायचं. काही जण आणखी एक कलम घालतात : सुरू झालेलं काम निम्म्याहून जास्त कमी झालं, तर कमी झालेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा राखून ठेवलेल्या वेळेपोटी द्यायचा. पहिल्यांदा हे कलम वाचून क्लायंट दचकतो. पण दचकून प्रश्न विचारणारा क्लायंट पुढे बहुधा नीट वागतो, कारण त्याने कागद वाचलेला असतो.

न घेतलेलं काम कोणाचं

पहिल्या सादरीकरणात आठही मसाल्यांचे कच्चे मॉकअप दाखवलेले असतात. काम तिनावर येतं; पण ते मॉकअप क्लायंटच्या फोनमध्ये राहतात, आणि कधी कधी छपाईवाल्याकडे जाऊन ‘असंच करून द्या’ म्हणून पूर्ण होतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरते, असं कलम १९ सांगतं. पैसे देऊन करून घेतलेल्या छायाचित्राला आणि पेंटिंगला निराळा नियम आहे. वेगळा करार नसेल तर त्यांचा पहिला हक्क करवून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून चित्रकारांनी ही ओळ आधीच लिहून घेणं जास्त गरजेचं आहे.

व्यवहारात एका वाक्याने पुष्कळ काम होतं : ‘पूर्ण पैसे मिळालेल्या तीन लेबलांचे वापराचे हक्क दिले आहेत, बाकी मांडण्या आणि मॉकअप डिझायनरकडे राहतील.’ ओपन फाइलचंही, म्हणजे बदल करता येतील अशा मूळ फाइलचंही, तसंच. पुण्यातल्या प्रेसना सीडीआर फाइल लागते आणि क्लायंट ती सहज मागतो. तीन लेबलांची ओपन फाइल दिली, की उरलेली पाच लेबलं कोणीही अर्ध्या तासात करून देऊ शकतो. ती द्यायला हरकत नाही, पण तिची किंमत पाच लेबलांच्या किमतीचा विचार करून लावलेली असावी. सादरीकरणात कमी रिझोल्यूशनचं पीडीएफ द्यायचं, हा साधा नेमही पुष्कळ वाद टाळतो.

महिन्याची कामं

एका ठरलेल्या कामाची कात्री एकदाच लागते. रिटेनरवरच्या, म्हणजे महिन्याला ठरलेल्या रकमेच्या, कामाला ती दर महिन्याला थोडी थोडी लागत राहते. दवाखाना, क्लास, हॉटेल, साड्यांचं दुकान अशांकडे महिन्याला वीस पोस्ट ठरलेल्या असतात. श्रावणात बारा होतात, पितृपक्षात सहा, आणि नवरात्राच्या आठवड्यात एकदम तीस मागितल्या जातात. पैसे मात्र ज्या महिन्यात कमी पोस्ट झाल्या, त्या महिन्यात कापले जातात. जास्त झाल्या तेव्हा कोणी वाढवून देत नाही.

इथे नगावर मोजणं सोडून वेळेवर मोजणं हा मार्ग काही जणांनी धरला आहे. महिन्याचे इतके दिवस तुमच्यासाठी राखलेले, त्यात जास्तीत जास्त इतक्या पोस्ट. न वापरलेल्या पुढच्या महिन्यात जात नाहीत. संख्या कायमची कमी करायची असेल तर एक महिना आधी कळवायचं, आणि सणाच्या आठवड्यातल्या जादा कामाला वेगळा दर. साड्यांच्या दुकानदाराला हे पटवणं सर्वांत सोपं जातं, असं अनुभव सांगतो. त्याच्याकडे दिवाळीसाठी ठेवलेल्या जादा मुलांना तो गिऱ्हाईक आलं नाही म्हणून अर्धा पगार देत नाही. दवाखान्यांना वेळ लागतो, क्लासवाल्यांना आणखी जास्त, कारण त्यांचे प्रवेश मे-जूनमध्ये आटोपतात आणि ऑगस्टनंतर त्यांना पोस्टची गरजच वाटत नाही. त्यांच्यासाठी बारा महिन्यांचा रिटेनर आखण्यापेक्षा एप्रिल ते जुलै असं चार महिन्यांचं ठसठशीत काम घ्यावं, आणि उरलेल्या आठ महिन्यांत त्यांना मागेल तशी एकेक पोस्ट जादा दराने द्यावी, हे आता काही डिझायनर स्वतःहून सुचवतात. क्लासवाले त्याला चटकन होकार देतात.